मोलोकाईचे फादर डेमियन

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांमध्ये मोलोकाई नावाचे एक बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर जमिनीचे एक टोक समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या तीन बाजूंना खवळलेला सागर आणि चौथ्या बाजूला उभा, दुर्लंघ्य कडा. १८६६ सालापासून हवाईच्या सरकारने कुष्ठरोग जडलेल्या माणसांना या टोकावर नेऊन ठेवण्यास आरंभ केला. त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. रोग पसरू नये म्हणून आईला मुलापासून आणि पतीला पत्नीपासून तोडून तेथे धाडीत. तेथे गेलेला माणूस बहुधा पुन्हा आपले घर पाहत नसे.

अशा या वस्तीत १० मे १८७३ रोजी तेहतीस वर्षांचे एक धडधाकट धर्मगुरू आपखुशीने येऊन उतरले. तेच फादर डेमियन.

त्यांचे मूळ नाव जोसेफ. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. थोरल्या भावाच्या पाठोपाठ तेही ख्रिस्ती धर्मसंघात दाखल झाले. हवाईला जाण्यासाठी भावाची निवड झाली होती. परंतु ऐन वेळी तो आजारी पडला. तेव्हा त्याच्या जागी जोसेफ यांनी प्रस्थान ठेवले. १८६४ साली होनोलुलू येथे त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढे मोलोकाईच्या रोग्यांसाठी कोण जाईल, असे बिशपांनी विचारले, तेव्हा चौघे तरुण पुढे झाले. प्रत्येकाने आळीपाळीने काही महिने राहावे, असे ठरले होते. पहिली पाळी डेमियन यांची आली आणि ते कायमचेच तेथे राहिले.

आरंभी त्यांना राहण्यास घरही नव्हते. केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली ते झोपत. सभोवती शेकडो रोगी होते. घरादाराला पारखी झालेली ही माणसे ईश्वराच्या प्रेमाविषयीच्या नुसत्या शब्दांवर कसा विश्वास ठेवणार? डेमियन यांनी हे ओळखले आणि हाती करवत व हातोडा घेतला. त्यांनी रोग्यांसाठी लाकडी घरे बांधली, नळ घालून वस्तीत पाणी आणण्यास हातभार लावला आणि अनाथ मुलामुलींना आसरा दिला. ज्या जखमांकडे पाहणेही इतरांना असह्य होई, त्या ते स्वतः धूत व बांधत. मृतांसाठी शवपेट्या तयार करीत आणि त्यांच्या कबरीही खणत. अळूच्या कंदांपासून केलेले पोई नावाचे अन्न ते रोग्यांच्या पंक्तीला बसून एकाच भांड्यातून खात. इतर पंथांच्या रोग्यांचीही ते सेवा करीत.

डेमियन स्वभावाने हट्टी व तापट होते. लाकूड, कपडे, औषधे यांसाठी ते अधिकाऱ्यांशी आणि वरिष्ठांशीही भांडत. मात्र हे भांडण रोग्यांसाठी असे.

प्रवचनात ते श्रोत्यांना तुम्ही रोगी असे कधी म्हणत नसत. आपण रोगी असेच म्हणत. त्या वेळी त्यांच्या देहावर रोगाचा एक डागही नव्हता. तो एक शब्द खरा करण्यासाठी ते अकरा वर्षे झिजले. १८८४ च्या डिसेंबरात एके दिवशी त्यांनी कढत पाण्यात पाय घातला. पाय भाजला, परंतु वेदना मुळीच झाली नाही. रोगाने आपल्यालाही गाठले, हे त्यांनी जाणले. तरीही त्यांचे काम थांबले नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आपल्या लोकांतच त्यांनी देह ठेवला. २००९ साली रोमन कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले.

डेमियन मोलोकाईला गेले त्याच १८७३ साली नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले. आज वेळीच औषधे घेतल्यास कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. डेमियन यांच्यापाशी ही औषधे नव्हती. त्यांच्यापाशी दोन हात होते आणि दुःखी माणसाच्या शेजारी बसण्याचे धैर्य होते. टाकून दिलेल्या त्या माणसांना डेमियन यांचा धर्म कळला तो त्या हातांवरून.