बोकडाऐवजी बुंदी वाढणारा डेबूजी आणि मूर्तिजापूरचं गोरक्षण

मूर्तिजापूर : संत गाडगेबाबा म्हटलं की खराटा, फुटकं गाडगं आणि चिंध्यांचे कपडे डोळ्यासमोर येतात. स्वच्छतेच्या बोर्डावर तेवढंच छापलेलं असतं. मुक्या जनावरांसाठी बाबांनी काय केलं, हे मात्र आपल्या भागातही फारसं सांगितलं जात नाही. खरं तर त्यांच्या कामाची सुरुवातच सुरीखालून बोकड वाचवण्यापासून झाली, असं म्हटलं तरी चालेल.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. त्या काळी देवाच्या नावानं कंदुरी व्हायची. बोकड कापायचं, मटण शिजवायचं आणि सोबत दारू. देव म्हणून सुरू झालेली गोष्ट घर बुडवून थांबायची. झिंगराजी लवकर गेले. सखूबाई लहान डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या.

दापुऱ्यात डेबू मामाच्या घरी राबला. गुरं चारणं, गोठा झाडणं, जनावरं पूर्णेवर नेऊन धुणं, मोठा झाल्यावर औत हाकणं. बैल थकला की कसा उभा राहतो, गाय आटली की घरचे तिच्याकडे कसे बघतात, हे त्याला कोणत्या पोथीतून कळलं नव्हतं. पुढं मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. मामा त्या धसक्यानं गेला. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी शेतात औत हाकत होता, तो हटला नाही. निरक्षर माणूस, पण कर्ज कशानं होतं ते त्याला पक्कं समजलं होतं. सण, नवस, जातजेवण आणि दारू.

आणि मग आलं मुलीचं बारसं. लग्न कुंताबाईंशी १८९२ मध्ये झालेलं. मुलगी आलोका हिच्या बारशाला रिवाजाप्रमाणं बोकड आणि दारू पाहिजे होती. जातभाई त्याच आशेनं पंगतीला बसले. डेबूजीनं पानात वाढली बुंदी. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळात जातीबाहेर पडायची पाळी येऊ शकत होती. पंचमंडळींच्या रागाला भिऊन भलेभले कर्ज काढून बोकड आणायचे. डेबूजी बधला नाही. पंगत कुरकुरत का होईना, गोड खाऊन उठली.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. मग गावोगाव दिवसा झाडझूड आणि रात्री कीर्तन. यात्रेत, जत्रेत जिथं बोकडं-कोंबडी कापली जायची, तिथं बाबा मुद्दाम जायचे. त्यांचं कीर्तन म्हणजे एकतर्फी बोलणं नव्हतं. ते लोकांनाच सवाल करायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढायचे, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. देव बोकड खात नाही, खाणारे आपणच, आणि त्याचा पैसा सावकाराचा, हे त्यांनी समोरच्याच्या तोंडून वदवून घेतलं. देवाला शिव्या न देता नवसाच्या मुळावर घाव घातला. म्हणूनच लोक ऐकत असावेत. अनेक गावांनी त्यांच्या कीर्तनानंतर देवापुढचं कापणं बंद केलं.

पण नवसाचं बोकड वाचलं तरी म्हाताऱ्या बैलाचं काय? हा प्रश्न शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. दोन कामाच्या बैलांना कुटार पुरत नाही, तिथं तिसऱ्या थकलेल्याला कोण पोसणार? भाकड गाय दावणीला नुसती उभी राहते आणि कडबा खाते. दुष्काळात तर शेतकरी मन घट्ट करून तिला बाजार दाखवतो. त्याला दुष्ट म्हणून भागत नाही, त्याच्याजवळ वैरण नसते. बाबांनी इथं नुसता उपदेश केला नाही. १९२५ च्या सुमारास त्यांनी मूर्तिजापुरात गोरक्षणाचं काम उभं केलं, सोबत धर्मशाळा आणि शाळाही. ज्या गावाच्या शिवारात गुरं चारली, त्याच तालुक्यात निराधार गुरांना दावण मिळाली.

ऋणमोचनला पूर्णेवर घाट, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा, नाशिक, आळंदी अशी कितीतरी कामं झाली. पैसा लोकांचाच. बाबांनी मंदिर मात्र बांधलं नाही, आणि संस्थांच्या कारभारात घरच्यांना शिरू दिलं नाही. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या पोराला शिक्षण, अशी त्यांच्या शिकवणीची दहा कलमं सांगतात. त्याच यादीत पशुपक्ष्यांना, मुक्या प्राण्यांना अभय द्यावं असंही एक कलम आहे. ते माणसांच्या कलमांच्या ओळीतच बसवलेलं आहे, वेगळं काढून ठेवलेलं नाही.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला नेताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांचा प्राण गेला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.