संत इग्नेशियस लोयोला व त्यांचीं भांडणें

ज्यांनीं संत फ्रान्सिस झेवियर यांस हिंदुस्थानाकडे धाडिलें, ते संत इग्नेशियस तरुणपणीं मोठे भांडखोर होते, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. स्पेन देशाच्या बास्क प्रांतांत, लोयोला येथील सरदार घराण्यांत १४९१ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. उंची पोशाख, तलवार व आपला मान यांपलीकडे त्यांस कांहीं दिसत नसे. १५१५ सालीं, धर्मगुरु असलेल्या आपल्या बंधूसह केलेल्या दंडेलीबद्दल त्यांच्यावर खटलाही झाला. कित्येक चरित्रकार ही गोष्ट झांकून ठेवितात. आम्हांस तसें करण्याचें कारण दिसत नाहीं.

१५२१ च्या मे महिन्यांत फ्रेंच फौजेनें पांप्लोनाचा किल्ला वेढिला. इतर सरदार शरण जाण्यास तयार असतां यांनीं हट्टानें लढाई चालविली व तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. हाड वेडेंवांकडें सांधल्यामुळें बूट नीट बसणार नाहीं, म्हणून त्यांनीं तें कापवून घेतलें! त्या दुखण्यांत वाचावयास वीरकथा मिळाल्या नाहींत. ख्रिस्तचरित्र व संतांचीं चरित्रें मिळालीं आणि त्यांचें मन पालटलें.

मन पालटलें, परंतु स्वभाव एका दिवसांत पालटत नाहीं. १५२२ सालीं माँटसेराटच्या वाटेवर त्यांस एक मूर प्रवासी भेटला. पवित्र मरीयेच्या कौमार्याविषयीं वाद झाला व तो मूर आपलें मत न सोडतां पुढें निघून गेला. मरीयेचा अपमान आपण ऐकून घेतला, या विचारानें इग्नेशियस अस्वस्थ झाले. त्यास गांठून खंजीर खुपसावा कीं जाऊं द्यावें, हें ठरेना. शेवटीं जेथें वाट फुटते तेथें त्यांनीं खेचराचा लगाम सैल सोडिला. मूर गेला तें गांव अगदीं जवळ व वाट रुंद असूनही खेचर हमरस्त्यानेंच गेलें. त्या दिवशीं स्वारापेक्षां खेचर शहाणें ठरलें, असें आम्हांस वाटतें. हा प्रसंग संतांनीं स्वतःच उतारवयांत आपल्या सोबत्यास सांगितला. पुढें माँटसेराट येथें रात्रभर जागरण करून त्यांनीं तलवार व खंजीर मरीयेच्या वेदीपाशीं ठेविलीं.

यानंतर ते भांडलेच नाहींत असें मात्र नाहीं. १५३८ सालीं रोम शहरांत ते व त्यांचे सोबती पाखंडी असल्याची आवई उठली. चौकशी होतांच आरोप करणारे मागें सरले. आतां प्रकरण मिटलें, असें मित्र म्हणूं लागले. परंतु इग्नेशियस लेखी निकालावांचून हटेनात. त्यांनीं फ्रास्काती येथें जाऊन पोप तिसरे पॉल यांची भेट घेतली आणि १८ नोव्हेंबर रोजीं निर्दोषतेचा निकाल मिळविला. स्वतःचा मान तर त्यांनीं मान्रेसा येथें गोणपाट नेसून, भीक मागून केव्हांच टाकिला होता. पण ज्याच्यावर पाखंडाचा डाग, त्याच्याकडून उपदेश कोण घेणार? १५४० सालीं येशूसंघास मान्यता मिळाली.

१५४६ सालीं त्रेंतच्या धर्मपरिषदेस आपले सोबती पाठवितांना त्यांनीं ताकीद दिली कीं, बोलण्यास घाई करूं नये, आधीं ऐकून घ्यावें, दोन्ही पक्षांचीं कारणें मांडावीं; आणि सवड काढून इस्पितळांतील गरिबांस भेटण्यास जावें.