शाळामास्तर ते नोबेल: रेणूंना ‘जागा’ देणारे व्हॅन डर वाल्स

भरलेला एलपीजी सिलिंडर हलवला की आत काहीतरी डुचमळतं ना? शेगडीत येतो तो गॅस, पण सिलिंडरमध्ये बराचसा द्रव असतो. एकच पदार्थ कधी वायू, कधी द्रव का होतो, याचं गणित मांडलं योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांनी.

त्यांचा जन्म १८३७ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात झाला. वडील सुतार, दहा भावंडांत हे थोरले. कॉलेज परवडणारं नव्हतं, म्हणून शाळेत शिकवायला लागले. फिजिक्सची आवड होती, पण विद्यापीठाच्या परीक्षेला लॅटिन आणि ग्रीक सक्तीचं! पुढे ही अट शिथिल झाली आणि १८७३ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

नेमकं काय शोधलं?

वायूचा जुना नियम रेणूंना बिनआकाराचे ठिपके मानायचा. व्हॅन डर वाल्स यांनी दोन साध्या गोष्टी धरल्या. एक, प्रत्येक रेणू थोडी जागा अडवतो. दोन, रेणू एकमेकांना ओढतात. यासाठी समीकरणात फक्त दोन आकडे वाढवले, आणि तेच समीकरण वायू आणि द्रव दोघांनाही लागू पडलं. तेव्हा रेणू खरंच असतात का, यावरच बऱ्याच शास्त्रज्ञांना शंका होती!

१८८१ मध्ये पत्नी क्षयाने गेली. मागे चार मुलं. या धक्क्यानंतर जवळपास दहा वर्षं त्यांनी काहीच प्रसिद्ध केलं नाही. परतले ते १८९० मध्ये, मिश्रणांचा सिद्धांत घेऊन: दोन पदार्थ मिसळले की एका पदार्थाचे रेणू दुसऱ्याच्या रेणूंना किती ओढतात, तेही हिशोबात धरायचं.

फायदा काय झाला?

त्यांच्या सिद्धांताच्या आधारे, एखादा वायू किती थंड केल्यावर द्रव होईल याचा अंदाज आधीच बांधता येऊ लागला. १९०८ मध्ये लायडनच्याच कॅमरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रव केला, तो याच वाटेने. आज एमआरआय मशीनमधलं चुंबक थंड ठेवायला तोच द्रव हेलियम वापरतात.

१९१० मध्ये नोबेल मिळालं, १९२३ मध्ये ते गेले. रिफायनरीचं डिझाइन करणारी सॉफ्टवेअर आजही त्यांच्या समीकरणाच्या सुधारित आवृत्त्या वापरतात. एका भाषेच्या अटीपायी हे सगळं अडलं असतं!