पुरस्काराचा अर्धा वाटा

१४ नोव्हेंबर, म्हणजे जागतिक मधुमेह दिन, हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. १८९१ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एका शेतकरी कुटुंबात ते जन्मले. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर असताना ते जखमी झाले, शौर्यपदक मिळाले; पण युद्धानंतर थाटलेला दवाखाना काही चालेना. ऑक्टोबर १९२० मध्ये एक लेख वाचताना, स्वादुपिंडातून मधुमेहावरचा स्राव वेगळा काढण्याची कल्पना त्यांना सुचली.

टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मॅक्लिऑड यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात त्यांना प्रयोगशाळा, प्रयोगासाठी कुत्रे आणि विद्यार्थी सहायक दिले. दोन विद्यार्थ्यांनी नाणे उडवून पाळी ठरवली. पहिली पाळी २२ वर्षांच्या चार्ल्स बेस्ट यांची आली.

बँटिंग तेव्हा २९ वर्षांचे. संशोधनात तेही नवखेच. शस्त्रक्रिया बँटिंग करत, रक्तातील साखर बेस्ट मोजत. सुरुवातीलाच खटका उडाला. अस्वच्छ काचसामान आणि बेभरवशाचे आकडे पाहून बँटिंग भडकले. बेस्ट यांनी रात्रभर जागून सगळे धुऊन काढले. त्यानंतर मात्र जोडी जमली. जुलैअखेर त्यांनी तयार केलेल्या अर्काने मधुमेही कुत्र्याची रक्तशर्करा उतरली.

जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला दिलेले पहिले इंजेक्शन फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर, बारा दिवसांनी पुन्हा दिलेल्या इंजेक्शनने मुलाची साखर आटोक्यात आली. तोवर अशी मुले उपासमारीच्या आहारावर जेमतेम तग धरत.

१९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना जाहीर झाले. बेस्ट यांचे नाव नव्हते. संतापलेल्या बँटिंग यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्ट यांना जाहीर केला. मॅक्लिऑड यांनी आपला अर्धा कॉलिप यांना दिला.

पुढे बँटिंग आणि बेस्ट यांच्यातला जिव्हाळाही ओसरला. फेब्रुवारी १९४१ मध्ये न्यूफाउंडलंड येथे विमान कोसळून बँटिंग यांचा मृत्यू झाला.

आजही प्रयोगशाळांत संशोधक विद्यार्थी पदवीच्या मुलांकडून काम करून घेतात, आणि स्वतः शिकता शिकताच त्यांना शिकवतात. चुकलेले मोजमाप वेळीच दाखवणे आणि यश आले की हाताखालच्याचे नाव पुढे करणे, ही दोन्ही कामे त्यांचीच.