पंडिता रमाबाईंची श्रद्धा

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. लहानपणीच आईने त्यांना संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आईवडील व थोरली बहीण यांना मृत्यूने ओढून नेले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास उपाशीपोटी, पायी देशभर हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. परंतु भुकेची ती आठवण बुजली नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळाने हाहाकार उडाला. रमाबाई तेथे धावून गेल्या व सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रयास आणले. पुण्याजवळील केडगावी त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. एवढ्या जणींच्या अन्नाची शाश्वती नव्हती. १८८३ साली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी तो भार परमेश्वरावर सोपविला. त्या नित्य प्रार्थना करीत. मात्र हात जोडून स्वस्थ बसत नसत. त्यांनी माळरानावर विहिरी खोदविल्या, शेती पिकविली, मुलींना विणकाम व छपाई शिकविली. मदतीचे हातही पुढे येत गेले.

१९२२ साली रमाबाई निवर्तल्या. दुष्काळाने पोरके केलेल्या या मुलीने शेकडो पोरक्यांना घर दिले. ते घर आजही निराधारांना आसरा देत आहे.