डॉ. कोटणीस : पाच डॉक्टर आणि एक अँब्युलन्स

‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द बातम्यांत सारखा कानावर पडतो. सैन्य न पाठवता, धाक न दाखवता दुसऱ्या देशाच्या मनात जागा मिळवायची, एवढाच त्याचा अर्थ. २०२१ मध्ये आपण शेजारी देशांना कोरोनाची लस पाठवली, ती याच वाटेने. पण सोलापूरचा एक तरुण डॉक्टर ही वाट स्वातंत्र्याच्याही आधी चालून गेला होता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला आणि चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केलं. जमलं किती? २२,००० रुपये आणि एक अँब्युलन्स! आज एवढ्यात आपलं गॅदरिंगसुद्धा होणार नाही. पण जो देश स्वतःचा राजदूतही नेमू शकत नव्हता, त्याने पाच डॉक्टर पाठवले : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस.

सप्टेंबर १९३८ मध्ये बोट मुंबईहून सुटली. कोटणीसांचं वय अवघं २७. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. पुढे एकेक करून बाकीचे चौघे मायदेशी आले. कोटणीस मात्र राहिले. चिनी भाषा शिकले, आघाडीजवळच्या खेड्यांत दिवसरात्र ऑपरेशनं केली, तिथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवली. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन! मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२.

आता खरा प्रश्न. अशा मदतीने देशाला मिळतं काय? १९६२ चं युद्ध तर टळलं नाही. डॉक्टर पाठवून सीमेचे वाद सुटत नाहीत, हे मान्यच करायला हवं. पण युद्धानंतरही चीनने त्यांची आठवण पुसली नाही. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे, १९८२ मध्ये चीनने त्यांचं तिकीट काढलं आणि २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ भारतात आले तेव्हा मुंबईत कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटले. दोन्ही सरकारं एकमेकांवर रुसली तरी बोलणं सुरू करायला एक नाव शिल्लक राहिलं.

रुपये आणि अँब्युलन्स कोणीही पाठवू शकतं. कोटणीस तिथे राहिले, म्हणून ते लक्षात राहिले. आपल्यापैकी अनेकजण उद्या नोकरीसाठी, प्रोजेक्टसाठी देशोदेशी जातील. तिथली भाषा शिकायची, की पगार मोजत परतीच्या तिकिटाची वाट पाहायची, हे ज्याने त्याने ठरवावं!