पत्रकार दिन ज्यांच्यामुळे साजरा होतो, त्या बाळशास्त्रींचं शेवटचं काम होतं गुरुजी घडवण्याचं

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जा, पहिलीच्या वर्गात ए, बी, सी, डी ऐकू येईल. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी यायचं पाचवीत. म्हणजे जे गुरुजी स्वतः पाचवीत इंग्रजी शिकले, त्यांच्यावरच सहा वर्षांच्या पोरांना इंग्रजी शिकवायची वेळ आली. साहजिकच प्रश्न आला, आधी गुरुजींना कोण शिकवणार?

हा प्रश्न मराठी मुलखात पावणेदोनशे वर्षांपूर्वीही पडला होता. तेव्हा तो सोडवायला बसलेले गृहस्थ म्हणजे बाळशास्त्री जांभेकर.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा, आजच्या सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ले गावचा. घरी वडिलांकडे संस्कृत शिकून झालं आणि १८२५ च्या सुमारास ते मुंबईला आले. तिथं त्यांनी इंग्रजी आणि गणित आत्मसात केलं.

६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं. वय होतं जेमतेम वीस. त्यावरूनच आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो. ‘दर्पण’च्या पानावर दोन रकाने असायचे, एक मराठी आणि शेजारी दुसरा इंग्रजी. इंग्रजी येणं ही त्या काळी मोठी मिरवायची गोष्ट होती. बाळशास्त्रींनी मात्र ती भाषा आपल्या माणसांपर्यंत ज्ञान आणण्यासाठी वापरली.

१८३४ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी लहान मुलांसाठी व्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा अशी पुस्तकं मराठीत लिहिली.

पण नव्या शिक्षणाबद्दल लोकांच्या मनात धास्ती होती. इंग्रजी शिकलं की पोरगं धर्म सोडणार, असं वाटायचं. १८४३ मध्ये ही भीती खरी ठरल्यासारखं झालं. मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा लहान भाऊ श्रीपत अजाण होता. कोर्टानं त्याला घरच्यांच्या ताब्यात दिलं, पण सनातनी मंडळी त्याला जातीत परत घ्यायला तयार होईनात. बाळशास्त्री श्रीपतच्या बाजूनं उभे राहिले आणि प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून झटले. त्यासाठी त्यांनी रोषही ओढवून घेतला. पुढे याच नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली.

बाळशास्त्रींकडे पुढे शाळा तपासनीसाचंही काम आलं. पुस्तकं तयार होती, शाळा निघत होत्या. अडत होतं ते शिकवणाऱ्या माणसापाशी. एखाद्याला विषय येतो, म्हणजे तो लहान मुलांना शिकवता येतोच असं नाही.

१८४५ मध्ये मुंबईत प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी ‘नॉर्मल क्लास’ सुरू झाला. आजच्या डी.एड.चा हा पूर्वज म्हणा. त्याचे प्रमुख होते बाळशास्त्री. कॉलेजात प्रोफेसर राहिलेला माणूस आता गावच्या मराठी शाळांसाठी गुरुजी घडवू लागला.

पण नियतीनं वेळच दिला नाही. मे १८४६ मध्ये बाळशास्त्री गेले. वय अवघं ३४. वर्ग सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. पुढे ती जबाबदारी मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी सांभाळली.

हा वर्ग होता मुंबई इलाख्याचा. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि १९४८ पर्यंत तिथंच राहिलं.

आज जालन्यात गुरुजींच्या इंग्रजीची चर्चा निघाली की बहुतेक वेळा चेष्टाच होते. स्पेलिंग चुकलेल्या फळ्याचा फोटो व्हायरल होतो आणि विषय संपतो. बाळशास्त्रींनी मात्र वेगळा मार्ग धरला होता. गुरुजींना येत नसेल, तर आधी गुरुजींसाठी वर्ग भरवायचा. आणि त्यांना शिकवायला आपल्याकडचा सगळ्यात विद्वान माणूस बसवायचा.